हाडांची खतावणी

आपल्या घरांतून दुखण्याला जेवढा मान मिळतो तेवढा प्रकृतीला मिळत नाही. कोणास ताप चढला, पोटात कळ उठली, पाय मुरगळला, की सारे घर हालू लागते. काढे उकळतात, वैद्य-डॉक्टरांकडे माणसे धावतात, परगावच्या नातलगांस निरोप जातात. परंतु जे दुखत नाही त्याची चौकशी करावी, असे फारच थोड्यांच्या मनात येते. तशी चौकशी करावयाची म्हटली, तर दंडात सुई खुपसून घ्यावी लागते, तालुक्याला किंवा त्याहून लांब खेटे घालावे लागतात, एक दिवसाची मजुरी किंवा रजा खर्ची पडते. सिंधुदुर्गातील माझ्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंनी ह्या साऱ्या प्रश्नाचे एका वाक्यात सार काढले होते : "दुखना नाय तर डॉक्टराकडे कित्याक जावचा?" ह्या प्रश्नाला शहाण्यासुरत्या माणसापाशीही चटकन उत्तर नसते.

शिसे, पारा, मँगनीज, कॅडमियम, आर्सेनिक ह्यांचे विष माणसाच्या नेमक्या ह्याच स्वभावावर पोसते. ते अंगात भिनताना दुखत नाही. मुलाच्या बुद्धीची धार थोडी कमी होते, तेव्हा आपण म्हणतो, "हा मुळातच मंद." गृहिणीला थकवा येतो, आपण म्हणतो, "वय झाले." कर्त्या पुरुषाचा रक्तदाब वाढतो, आपण म्हणतो, "काळजी फार करतो." ह्या प्रत्येक म्हणण्यात तथ्य असू शकेल; परंतु त्याच वेळी त्याच्या आड एखादा धातू दडलेला असणेही शक्य आहे, आणि मोजल्याविना तो सापडावयाचा नाही. सुई न टोचता, रुग्णास कोठे न नेता, दारात येऊन ही मोजणी करता आली तर काय होईल, हा विचार म्हणूनच मला केवळ शास्त्रज्ञांच्या कौतुकाचा वाटत नाही. तो घराघराचा आहे.

हा विचार माझ्या मनात बळावला तो रेडी गावामुळे. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकास, गोव्याच्या हद्दीला लागून हे गाव समुद्रकाठी वसले आहे. बदामीच्या चालुक्यांच्या लेखांत येणारे रेवतीद्वीप ते हेच, असे इतिहाससंशोधक मानतात. वृक्षवेलींनी कवटाळलेले यशवंतगडाचे तट तेथे अजून उभे आहेत. १९७६ साली खाणीच्या परिसरात द्विभुज गणेशाची मोठी मूर्ती मिळाली, आणि तेव्हापासून भाविकांची रीघ लागली. परंतु व्यापारी जगात रेडीचे नाव झाले ते तेथील लोहखनिजामुळे. डोंगर पोखरून तांबडी-काळी माती काढावी, ती वाहनांतून बंदरावर न्यावी आणि गलबतांत भरून परदेशी धाडावी, हा उद्योग तेथे दशकानुदशके चालत आला. ज्यांनी हा प्रदेश उन्हाळ्यात पाहिला आहे, त्यांस खनिजाच्या वाटेवरील काजू-आंब्यांच्या पानांवर बसणारा तांबडा थर ठाऊक असेल.

ह्या धुळीविषयी गावात दोन पक्ष ऐकू येतात. एक म्हणतो, "आमचे आजे ह्याच मातीत ऐंशी वर्षे जगले, धुळीने काय व्हायचे आहे?" दुसरा प्रत्येक खोकल्याचा, प्रत्येक चक्करेचा दोष खाणीच्या माथी मारतो. दोन्ही पक्ष पोटतिडकीने बोलतात, आणि दोघांपाशीही मोजमाप नसते. वास्तविक लोखंड हा ह्या बाबतीत दुष्ट धातू नाही. अशा धुळीत खरी भीती असते ती दोन गोष्टींची. एक, वाळूतील सिलिकेचे सूक्ष्म कण, जे फुप्फुसात रुतून बसतात. आणि दुसरी, काही लोहखनिजांच्या सोबतीने येणारे मँगनीज. मँगनीज अन्नातून थोडे मिळाले तर शरीरास हवेच असते. परंतु त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर ते मेंदूत साठते. १८३७ साली जॉन कूपर नावाच्या डॉक्टराने ग्लासगो येथील कारखान्यात मँगनीजची भुकटी दळणाऱ्या पाच कामगारांचे वर्णन लिहून ठेवले आहे. चालताना पुढे झुकणारी, आवाज क्षीण झालेली, चेहऱ्यावरचे भाव मावळलेली ती माणसे होती. रेडीत असे कोणी आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच, की "आहे" आणि "नाही" ह्या दोन आरोळ्यांच्या मध्ये एक शांत वाट असते, आणि ती मोजणीची होय.

मोजावयाचे कोठे, हा पुढचा प्रश्न. जुन्या पेढीवर दोन प्रकारच्या वह्या असत. रोजकीर्दीत त्या त्या दिवसाची देवघेव उतरत असे. खतावणीत प्रत्येकाचे वर्षानुवर्षांचे खाते साठत असे. शरीराचीही हीच रीत आहे. रक्त ही शरीराची रोजकीर्द. रक्तात शिरलेल्या शिशाचा अर्धा भाग महिना-सव्वा महिन्यात तेथून निघून जातो. म्हणून रक्ताची तपासणी आपल्याला गेल्या काही आठवड्यांचा हिशेब सांगते. निघून गेलेल्या शिशाचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो, परंतु बराचसा हाडांत जाऊन बसतो. शिसे आणि कॅल्शियम ह्यांच्या स्वभावात काही बाबतींत साम्य आहे, त्यामुळे हाड त्यास आपलाच समजून घरात घेते. प्रौढ माणसाच्या अंगातील शिशापैकी शेकडा ९० हून अधिक हाडांत असते, आणि तेथे ते वर्षेच्या वर्षे, कित्येकदा दोन-तीन दशके मुक्काम ठोकते. ही झाली खतावणी. ज्या कामगाराने दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली, त्याची रोजकीर्द आज कोरी दिसेल. खतावणी मात्र सारे सांगेल.

केस आणि नखे ह्यांस शरीराचे पंचांग म्हणावे. डोक्याचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. १९७१-७२ साली इराकमध्ये पेरणीसाठी पारा लावून आलेले बियाणे खेडुतांनी दळून खाल्ले; ६,५०० हून अधिक माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली. त्या वेळी रुग्णांच्या एकेका लांब केसाचे तुकडे करून कोणत्या महिन्यात अंगात किती पारा गेला, हे शास्त्रज्ञांनी ताडून पाहिले. पायाच्या नखांचेही तसेच. वेल्डिंग करणाऱ्या कामगारांच्या अभ्यासात असे दिसले, की नखातील मँगनीज सात ते बारा महिन्यांपूर्वीच्या धुराची साक्ष देते. नख कापण्यास सुई लागत नाही, की दवाखाना लागत नाही. मात्र रेडीसारख्या ठिकाणी एक सावधगिरी हवी. नखावर बाहेरून बसलेली धूळ आणि आतून वाढताना त्यात आलेला धातू ह्यांत गल्लत होऊ नये, म्हणून नखे विशिष्ट रीतीने धुऊनच तपासावी लागतात.

आता हाडांची खतावणी हाड न फोडता कशी वाचावयाची? ह्याची किल्ली १९१३ साली हेन्री मोझली ह्या इंग्रज तरुणाच्या हाती आली. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूस डिवचले असता तो स्वतःच्या ठरावीक शक्तीचे क्ष-किरण बाहेर टाकतो, आणि त्या शक्तीवरून तो कोण हे निःसंशय ओळखता येते, असा नियम त्याने घालून दिला. ओव्यांच्या चालीवरून शेजघरात निजलेल्या माणसाने "जात्यावर आत्या बसल्या आहेत" असे ओळखावे, तसाच हा प्रकार. मोझली दोनच वर्षांनी, १९१५ साली, गॅलिपोलीच्या रणांगणावर वयाच्या २७ व्या वर्षी मारला गेला. त्याचा नियम मात्र आज जगभरच्या प्रयोगशाळांत राबतो आहे. रेडीस गणेशमूर्ती मिळाली त्याच १९७६ साली स्वीडनमधील संशोधकांनी जिवंत माणसाच्या बोटाच्या हाडातील शिसे ह्या रीतीने मोजल्याचे प्रसिद्ध केले. पुढे नडगीच्या हाडावर मोजण्याची पद्धत रूढ झाली, कारण तेथे कातडीखाली मांस फार थोडे असते. परंतु ते यंत्र खोलीभर पसरलेले, त्यास किरणोत्सर्गी कॅडमियम लागे, आणि माणसाला अर्धा तास निश्चल बसावे लागे.

ह्या शतकात ते यंत्र हातात मावू लागले. भंगारातील धातू पारखण्यासाठी व्यापारी जे पिस्तुलाच्या आकाराचे, दीड किलोच्या आसपास वजनाचे उपकरण वापरतात, तेच माणसाच्या नडगीसाठी वापरता येईल का, ह्याचा शोध अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला, आणि २०११ साली त्याची पहिली फळे प्रसिद्ध झाली. उपकरणाचे तोंड नडगीस लावावे, दोन-तीन मिनिटे पाय हलवू नये, इतकेच काम. रक्त नाही, टोचणे नाही. क्ष-किरणांची जी मात्रा अंगास लागते ती छातीच्या एका क्ष-किरण चित्रापेक्षाही कमी असते. एवढे असले तरी ह्या यंत्रास चमत्काराच्या पंक्तीला बसवू नये. नडगीवर चरबीचा थर जाड असेल तर वाचन कच्चे ठरते. लहान बाळांच्या बाबतीत किंवा फार थोड्या शिशाच्या बाबतीत त्याची नजर अंधूक होते. शिशाची एक खूण आणि आर्सेनिकची एक खूण इतक्या जवळजवळ पडतात, की दुसरी खूण पाहून निवाडा करावा लागतो. आज हे उपकरण मुख्यतः संशोधकांच्या हाती आहे. तालुक्याच्या दवाखान्यात अजून रक्ताच्या तपासणीवरच भिस्त ठेवावी लागते, आणि ताजा संसर्ग ओळखण्यास तीच योग्य आहे.

परीक्षा दारात आली म्हणजे काय घडते, ह्याचे उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. मुंबई कोकणास परकी नाही. रेडी-शिरोड्याच्या कित्येक घरांतील एक तरी पाती गिरगाव-लालबाग-परळच्या चाळीत रुजलेली असते. १९९८-९९ साली दुसरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले; देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने त्याची धुरा वाहिली. त्या सर्वेक्षणात मुंबई व दिल्ली ह्या दोन शहरांतील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे घरोघर जाऊन मोजले गेले. बोटाच्या टोकाचा एक थेंब आणि हातात धरून नेण्याजोगे छोटे यंत्र, एवढ्यावर काम भागले. म्हणजे येथे एक टोचणी होतीच. परंतु रुग्णालयाची वारी वाचली, आणि जी मुले आजारी नव्हती तीही मोजली गेली. सुमारे एक हजार मुलांची ही माहिती पुढे २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले, की शेकडा ७६ मुलांच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे होते. आज ५ मायक्रोग्रॅम आढळले तरी त्याचे मूळ शोधून ते दूर करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मुलांच्या आया आपल्या बाळांस निरोगी समजत होत्या. त्यांना दोष कोण देईल? बाळ हसत होते, खेळत होते. शिसे काही रडवीत नव्हते.

त्या काळी हे शिसे मुख्यत्वे आले होते मोटारींच्या पेट्रोलमधून. अमेरिकेत १९७६ ते १९८० ह्या काळात पेट्रोलमधील शिसे कमी होत गेले, तसतसे लोकांच्या रक्तातील सरासरी शिसेही सुमारे शेकडा ३७ नी उतरले, हे राष्ट्रव्यापी तपासणीत स्पष्ट दिसून आले होते. हा पुरावा रुग्णांच्या कण्हण्यातून मिळाला नव्हता. धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या मोजणीतून मिळाला होता. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. मोजणीने रोग बरा झाला नाही. मोजणीने रोगाचे दार दाखविले, आणि ते लावून घेण्यास राज्यकर्त्यांना भाग पाडले.

परंतु सारीच दारे राज्यकर्त्यांच्या हाती नसतात. काही आपल्या माजघरात असतात. आपल्यासारख्या घरांतून "प्रदूषण" हा शब्द उच्चारला, की बोट खाणीकडे, कारखान्याकडे जाते. स्वयंपाकघराकडे वळत नाही. देवास लावावयाचा खरा शेंदूर हे शिशाचेच भस्म आहे. हळदीचे कुंकू मुळात निर्दोष. पण बाजारी सिंदुराची गोष्ट निराळी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यू जर्सीत तसेच मुंबई व दिल्लीत विकत घेतलेले ११८ नमुने तपासले, तेव्हा सुमारे शेकडा ८० नमुन्यांत शिसे निघाले. पितळेच्या तपेल्यास कल्हई करताना कथील शुद्ध असेल तर काही बाधा नाही. परंतु स्वस्ताईपोटी त्यात शिसे मिसळले असेल, आणि त्या तपेल्यात चिंचेची आमटी किंवा सोलकढी ठेवली असेल, तर आंबटपणा ते शिसे सोडवून घेतो आणि आपल्या पानात वाढतो. रसौषधींबद्दलही डोळसपणा हवा. शोधन-मारणाचे नियम प्राचीनांनी कडक घालून दिले आहेत. ते पाळले की नाही हे पुडीवरून कळत नाही. २००४ साली बोस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. ज्यास आयुर्वेदाचा अभिमान आहे त्यानेच पहिल्याने अशा तपासणीचा आग्रह धरला पाहिजे.

हळदीची कथा तर सर्वांत बोधप्रद आहे. पिवळा रंग खुलावा म्हणून हळकुंडांस शिशाचा क्रोमेट चोळण्याची लबाडी बांगलादेशात बोकाळली होती. २०१९ साली तेथील अधिकाऱ्यांनी हेच हातात धरावयाचे क्ष-किरण उपकरण घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात प्रवेश केला, व्यापाऱ्यासमोर, त्याच्याच पोत्यातील हळद तपासून दाखविली, दंड केला, आणि वर्तमानपत्रांतून गाजावाजा केला. त्या वर्षी बाजारातील शेकडा ४७ नमुन्यांत शिसे होते. २०२१ साली एकाही नमुन्यात आढळले नाही. आपला महाराष्ट्र हा सांगलीच्या हळदीचा प्रदेश. आपल्याकडे हळदीवाचून ना आमटी होते, ना सवाष्णीची ओटी भरते. अशी दोन मिनिटांची परीक्षा आपल्या मोंढ्यांत रोजची व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास बसलो, तिच्याकडे येतो. हाडांची खतावणी ही एकट्या माणसाची नसते. स्त्री गर्भवती झाली, की बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघते, आणि त्याबरोबर कुमारवयात, कदाचित बालपणी, साठलेले शिसेही निघते. ते रक्तात येते, वारेतून गर्भास पोचते, आणि पुढे काही अंशी दुधातही उतरते. अंगावर पाजणे त्यामुळे सोडावे असे मुळीच नाही; परंतु आईच्या लहानपणाची धूळ लेकराच्या वाट्यास येऊ शकते, हे ध्यानात धरावे. उतारवयात स्त्रीची हाडे झिजू लागतात तेव्हा तेच शिसे पुन्हा तिच्या रक्तात फिरू लागते. आजी, सून आणि नात ह्या तिघी एकाच खात्याची तीन पाने आहेत. मेक्सिको शहरात गर्भवती स्त्रियांना दररोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील शिसे सरासरीने सुमारे शेकडा ११ नी कमी राहिले. उपाय केवढा साधा! आपल्या कोकणातील नाचणीच्या शंभर ग्रॅमांत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ज्या आंबिलीस आणि भाकरीस आपण गरिबाचे अन्न म्हणून बाजूस सारले, तीच गर्भारशी सुनेच्या ताटात आग्रहाने वाढावी, असे शास्त्र सांगते.

आणि येथेच मला एक धास्ती वाटते. परीक्षा सोपी झाली, की तिचा निकाल घरात फिरू लागतो. "हिच्या हाडांत शिसे निघाले" हे वाक्य सुनेविषयी उच्चारले गेले, तर त्याचे पुढे काय होईल, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. नातू अभ्यासात मागे पडला तर बोट तिच्याकडे वळेल. लग्नाच्या मुलीचा आकडा बाहेर फुटला, तर आलेले स्थळ परत फिरेल. पत्रिकेतील मंगळाने आपण कमी संसार अडवले आहेत काय, की त्यात आता शिशाची भर घालावी? वस्तुतः त्या मुलीच्या हाडांतील शिसे हा तिचा दोष नसून तिच्या माहेरच्या रस्त्याचा, भिंतीच्या रंगाचा, तपेल्याच्या कल्हईचा इतिहास आहे. आणि तोच इतिहास तिच्या भावाच्याही हाडांत लिहिलेला आहे, फक्त त्याचे पान कोणी उघडले नाही.

म्हणून माझे असे मत झाले आहे, की अशी परीक्षा जेव्हा केव्हा दारात येईल, तेव्हा ती साऱ्या घराची एकदम व्हावी. आजोबांनी पहिल्याने पाय पुढे करावा. त्यांच्यामागून कर्त्या पुरुषाने, मग आजीने, सुनेने, मुलांनी. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाई आणि त्यांची मुले ह्यांसही त्याच रांगेत घ्यावे, कारण त्या आपल्याच भांड्यांतील उरलेले घरी नेतात. खाणीवर किंवा बॅटरीच्या भट्टीवर काम करणारा पुरुष अंगावरील कपड्यांतून धूळ घरी आणतो, आणि ती झटकून धुते त्याची बायको. तेव्हा केवळ कामगारास मोजून त्याच्या घरास वगळणे हा अर्धाच हिशेब होय. सर्वांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की दोष माणसावरून उठतो आणि वस्तूकडे जातो. साऱ्यांचेच शिसे वाढलेले दिसले तर शोध तपेल्याचा करावा. एकट्या मुलाचे दिसले तर त्याच्या खेळण्याचा किंवा तो खेळतो त्या अंगणाचा.

जाता जाता दोन इशारे देणे भाग आहे. नवी विद्या आली, की तिच्या मागोमाग तिचे सोंगही येते. मुठीत एक दांडी धरावयास देऊन मिनिटभरात यकृतापासून धातूंपर्यंत साऱ्यांचे आकडे छापून देणारी यंत्रे गावोगावच्या शिबिरांतून दिसतात. त्यांत शास्त्र नाही, आणि निकालाच्या शेवटी बहुधा एखादी बाटली विकावयास ठेवलेली असते. दुसरे असे, की आकडा वाढलेला दिसताच "शिसे काढणारे" औषध घेण्यास धावू नये. ती औषधे स्वतःही तीव्र असतात. दहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत रक्तात ४५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे असेल तर ती द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला आहे. आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याखालच्या बहुतेकांस उपाय एकच : विष कोठून येते ते शोधावे आणि तो झरा बुजवावा.

युनिसेफने २०२० साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे, आणि अशी सुमारे २७ कोटी ५० लक्ष मुले आपल्या देशात आहेत. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे माणूस हताश होतो. परंतु कोटींचा आकडा घरांचाच बनलेला असतो, आणि घर आपल्या हातचे आहे. नडगीवर ठेवावयाचे ते उपकरण रेडीच्या वाटेवर केव्हा येईल ते येवो. तोवर कल्हईवाल्यास कथील दाखवावयास सांगणे, हळकुंडे आणून घरी दळणे, शेंदूर मुलांच्या हातापासून दूर ठेवणे, धुळीत काम करून आलेल्या माणसाने कपडे बाहेर उतरवून हातपाय धुऊन मगच लेकरास उचलून घेणे, आणि सुनेच्या ताटात नाचणीची भाकरी वाढणे, ह्यांपैकी कशासही यंत्र लागत नाही. दुखत नाही म्हणून डॉक्टरांकडे कशाला जावयाचे, असे विचारणाऱ्या त्या वृद्ध बाईंस माझे एवढेच उत्तर आहे : दुखणे तुमचे नसेलही, बाई, पण खाते तुमच्या नातवंडांच्या नावावर चालू आहे, आणि ते वेळीच पाहणे हे घरातील वडीलधाऱ्यांचेच काम होय.